चिप झोपली, पण पिना जाग्या: बॅटरी खाणाऱ्या या चुका टाळा

इंदूरच्या जेल रोडवरून ईएसपी३२ या वाय-फायवाल्या चिपचा बोर्ड आणायचा, एक १८६५० लिथियम सेल जोडायचा आणि मातीतला ओलावा मोजायला सांवेरकडच्या सोयाबीनमध्ये नेऊन ठेवायचा, हा उद्योग आता इथे बरेच जण करतात. कोडमध्ये डीप स्लीप (चिपची गाढ झोप) असतं, चिपची डेटाशीट त्यात १० मायक्रोअँपिअर सांगते, तरी सेल पंधरवडा काढत नाही. २६०० एमएएचच्या सेलमधून सतत १० मिलिअँपिअर जात असतील तर २६० तासांत, म्हणजे ११ दिवसांत खेळ खलास.

कोड चाळण्याआधी बोर्डाकडे बघा. पॉवरचा एलईडी झोपत नाही, आणि व्होल्टेज ३.३ वर आणणारा एएमएस१११७ रेग्युलेटर एकटाच ५ मिलिअँपिअरच्या आसपास खातो. एलईडी उपटा. रेग्युलेटर बदलताना मात्र नुसती बचत बघू नका, वाय-फायचा झटकाही त्याला पेलला पाहिजे. एपी२११२ स्वतः ५५ मायक्रोअँपिअर घेतो आणि ६०० मिलिअँपिअर देतो, तो चालेल.

खरी डोकेदुखी सेन्सरची वीज तोडताना होते. व्हीसीसी (सेन्सरचा वीजपुरवठा) मॉसफेटने, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचने, बंद केला, पण आयटूसी या दोन तारांच्या बसचे पुल-अप (तारा हाय ठेवणारे रेझिस्टर) ३.३ व्होल्टलाच राहिले, की करंट एसडीए-एससीएल या तिच्या तारांमधून सेन्सरच्या संरक्षक डायोडवाटे आत शिरतो. सेन्सर धड जिवंत नाही, धड मेलेला नाही. त्याचा रीसेट होत नाही आणि पुढच्या वेळी बस अडकून बसते. लोक लायब्ररीला शिव्या घालतात! पुल-अपसुद्धा त्याच तोडलेल्या लाइनवर घ्या. जीपीएसचंही तसंच: युआर्ट या सीरियल जोडणीची टीएक्स (डेटा पाठवणारी पिन) रिकामी असताना हाय असते, म्हणून वीज तोडण्याआधी ती लो करा. आणि ग्राउंड तोडण्याच्या भानगडीत पडू नका. डेटाच्या पिनाच ग्राउंड होऊन बसतात.

लोरा हा लांब पल्ल्याचा रेडिओ जोडला असेल तर त्याच्या एसएक्स१२७८ चिपला झोपायचा हुकूम वेगळा द्यावा लागतो. स्लीपमध्ये तो ०.२ मायक्रोअँपिअर घेतो, स्टँडबायमध्ये १.६ मिलिअँपिअर. त्याची सिलेक्ट पिन डीप स्लीपमध्ये अधांतरी राहू देऊ नका. हाय करून होल्ड लावा, म्हणजे झोपेतही ती तशीच राहील, आणि जाग आल्यावर होल्ड काढा, नाहीतर पिन ऐकणारच नाही. ईएसपी३२चं व्रोव्हर मॉड्यूल असेल तर जीपीआयओ १२ ही पिन आयसोलेट करा, म्हणजे कोडमधून वेगळी पाडा. तिथे बाहेरून पुल-अप आणि आतून पुल-डाउन असतो, त्यामुळे झोपेतही करंट वाहत राहतो.

मोजतानाही गंमत होते. मल्टीमीटर मायक्रोअँपिअरवर ठेवून बोर्ड सुरू केला, की मीटरमध्येच व्होल्टेज पडतं आणि बोर्ड पुन्हापुन्हा रीसेट होतो. मीटरला समांतर एक जंपर लावा. बोर्ड झोपला की जंपर काढा, आकडा वाचा, आणि जाग यायच्या आत परत लावा. आकडा फुगलेला दिसला तर एकेक सेन्सर पूर्ण सोडवून, डेटाच्या तारांसकट, पुन्हा मोजा.