लेंटचे चाळीस दिवस कसे पाळायचे, पहिल्यांदा धरणाऱ्यांसाठी

लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचा ख्रिस्ती लोकांचा उपास-प्रार्थनेचा काळ, आणि कपाळाला राख लावायचा भस्म बुधवार हा त्याचा पहिला दिवस. तो जवळ आला की कोणी ना कोणी विचारतंच, या वेळी काय सोडू, मटण सोडू की गोड सोडू की मोबाइल? माझं म्हणणं असं की हा प्रश्न अर्धाच आहे. सोडलेलं जातं कुठे, ते कोणाला मिळतं, हे पण त्याच दिवशी ठरवायला हवं. मी पहिली काही वर्षं चहा सोडायचे, दिवसभर डोकं दुखायचं, घरच्यांवर ओरडायचे आणि संध्याकाळी प्रार्थनेला बसून देवाला सांगायचे की बघ मी उपास केला. नंतर बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ५८ वा अध्याय नीट वाचला आणि लाज वाटली, कारण तिथे देव हेच म्हणतो की उपासाच्या दिवशी तुम्ही भांडता, मला हवा तो उपास म्हणजे भुकेल्याला तुमच्यातली भाकर देणं, बेघराला घरात घेणं.

आधी तारखांचं बघू म्हणजे गोंधळ नको. ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण, हलता आहे, २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी जी पहिली पौर्णिमा (चर्चच्या गणिताप्रमाणे) तिच्यानंतरचा रविवार, त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यामध्ये कुठेही येतो. सगळ्यांनी एकाच रविवारी पाळावा असं ३२५ साली निकियाच्या परिषदेत (बिशपांच्या सभेत) ठरलं होतं, पण बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्च अजून ज्युलियन कॅलेंडरने मोजतात म्हणून त्यांचा ईस्टर बहुतेक वेळा नंतर येतो, २०२५ मध्ये मात्र दोघांचा २० एप्रिललाच आला होता. २०२७ चं उदाहरण घ्या, भस्म बुधवार १० फेब्रुवारी, ईस्टर २८ मार्च. भस्म बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस मोजलेत तर ४६ भरतात आणि मग लोक म्हणतात चाळीस कसे? तर त्यातले सहा रविवार मोजायचे नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचाच दिवस, त्या दिवशी शोक नाही. चाळीस हा आकडा प्रभू येशू अरण्यात राहिला त्या दिवसांवरून आलाय, आणि त्याच्याआधी मोशे सीनाय डोंगरावर चाळीस दिवस होता, एलिया चाळीस दिवस चालत होरेबला गेला.

आणि हेही सांगते, लेंट धरा अशी आज्ञा बायबलमध्ये कुठेच नाही, चर्चने ती घडवलेली शिस्त आहे, म्हणून कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, लुथरन पाळतात आणि बरीच बॅप्टिस्ट, पेन्टेकोस्टल मंडळं पाळत नाहीत. तुमच्या मंडळीत (चर्चमध्ये) नसेल तर कोणी तुम्हाला कमी विश्वासू म्हणू नये, आणि तुम्ही धरताय म्हणून तुम्ही पण दुसऱ्याला म्हणू नका.

आता धरायचं कसं. मत्तयच्या शुभवर्तमानात (येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांपैकी एक) ६ व्या अध्यायात येशू तीन गोष्टी एकापाठोपाठ सांगतो, दान, प्रार्थना, उपास, आणि तिन्हीबद्दल एकच अट, लोकांना दिसावं म्हणून करू नका. या तिघांना सुटं केलं की बिघडतं.

उपास: कॅथलिकांसाठी किमान नियम सोपा आहे. भस्म बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्या लोकांनी एकच पोटभर जेवण घ्यायचं, बाकी दोन वेळा थोडंसं, दोन्ही मिळून पूर्ण जेवण होणार नाही इतकंच. हे दोन दिवस आणि लेंटमधले शुक्रवार मांस नाही, हे १४ वर्षांपासून पुढे. डायबिटीस असेल, गोळ्या चालू असतील, गरोदर असाल, बाळाला पाजत असाल तर हट्ट करू नका, चर्चच तुम्हाला मोकळं करतं. बाकी चाळीस दिवसांसाठी एकच गोष्ट निवडा, आणि अशी निवडा की ती नसताना हात आपोआप तिकडे जातो. सगळं एकदम सोडायला गेलात तर दुसऱ्या आठवड्यात सगळंच सुटतं, आणि मोडला एखादा दिवस तर दुसऱ्या दिवशी परत धरायचा, हिशोब पहिल्यापासून सुरू करायचा नाही.

दान: सोडलेल्या गोष्टीचे पैसे त्याच दिवशी वेगळे डब्यात टाका, महिन्याच्या शेवटी अंदाजाने नको, अंदाज नेहमी आपल्या बाजूने चुकतो. मोबाइल सोडला असेल तर पैसे वाचत नाहीत पण तास वाचतो, तो तास कोणाचा हे नाव ठरवून ठेवा, एकटं राहणारं म्हातारं माणूस, आजारी शेजारी, ज्याचा फोन आपण टाळतो तो नातेवाईक.

प्रार्थना, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण मला स्वतःला याचा सगळ्यात जास्त उपयोग झालाय. लूकच्या शुभवर्तमानात २४ अध्याय आहेत, मार्कमध्ये १६, बेरीज बरोबर ४०. भस्म बुधवारी लूक १ पासून सुरू करा, रोज एक अध्याय, रविवारी सुट्टी. लूक संपला की मार्क. मग बघा काय होतं, पवित्र आठवड्याच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्याच्या, सोमवारी मार्क ११ येतो, यरुशलेमात प्रवेश आणि मंदिरातल्या सराफांचे चौरंग पालथे करणं, गुरुवारी मार्क १४, शेवटचं भोजन आणि गेथशेमाने, गुड फ्रायडेला मार्क १५ म्हणजे क्रूस, आणि शनिवारी रात्री मार्क १६, रिकामी कबर. एकही दिवस ओढूनताणून बसवावा लागत नाही. अध्याय वाचून झाला की त्यातलं एक वाक्य मनात धरा आणि दिवसभर तेच घेऊन फिरा, बास. बरं वाटत नसेल, शब्दच सुचत नसतील त्या दिवशी स्तोत्र ५१ वाचा, दावीदाचं पश्चात्तापाचं, ते आपल्या वतीने बोलतं.

एक अवघड काम मध्येच कुठेतरी करायचंच आहे, ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्याकडे जाणं. मत्तय ५ मध्ये येशू म्हणतो की वेदीवर अर्पण ठेवताना आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. पापकबुलीची प्रथा असलेल्यांनी ती पण पवित्र आठवड्याच्या गर्दीआधीच उरकावी, फादरांनाही निवांत ऐकता येतं. समोरच्याने दार उघडलं नाही तरी तुमचं जाणं वाया गेलं नाही.

झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीचा रविवार, येशूच्या यरुशलेम प्रवेशाची आठवण) मिळालेली झावळी टाकू नका, पुढच्या वर्षी कपाळाला लागणारं भस्म अशाच जुन्या झावळ्या जाळून करतात. होसान्ना (प्रभूचा जयजयकार) म्हणत ज्या हातांनी झावळी हलवली, तीच झावळी वर्षभराने राख होऊन कपाळावर येते, मला हे दरवर्षी आत कुठेतरी लागतं. गुरुवारी योहान १३ (येशू शिष्यांचे पाय धुतो तो अध्याय) वाचून घरात एकमेकांचे पाय धुवा, खरंच तांब्या आणि टॉवेल घेऊन, मोठ्यांनी लहानांचे. पहिल्यांदा सगळे संकोचतात, येशूचा शिष्य पेत्रपण संकोचला होता. शुक्रवारी दुपारी तीनला, येशूने प्राण सोडला त्या वेळेला, सगळं बाजूला ठेवून, काही मिनिटं गप्प बसा.

शनिवार मात्र लोक फुकट घालवतात, साफसफाई, खरेदी, ईस्टरची तयारी. त्या दिवशी येशू कबरेत आहे, शिष्यांना उद्याचं काहीच माहीत नाही. ज्यांच्या घरात या वर्षी कोणी गेलंय, ज्यांच्या प्रार्थनेला उत्तर आलेलं नाही, त्यांचा हा दिवस आहे. त्यांना शनिवारी भेटा, समजावू नका, शेजारी बसा. रात्री जागरणाच्या उपासनेला जमलं तर जाच, अंधारात नवा अग्नी पेटतो, त्यावर ईस्टरची मोठी मेणबत्ती लागते आणि एकीवरून एक सगळ्यांच्या हातातल्या मेणबत्त्या. चाळीस दिवस न म्हटलेलं आलेलुया (परमेश्वराची स्तुती करा) तिथे पहिल्यांदा ऐकू येतं.

मग सोमवारी सगळं संपल्यासारखं वागू नका, ईस्टरचा काळ पन्नास दिवस चालतो, लेंटपेक्षा मोठा, २०२७ मध्ये १६ मे पर्यंत म्हणजे पेन्टेकोस्टपर्यंत (शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाचा सण). चहा परत प्या, आनंदाने प्या, उपास संपलाय. दानाचा डबा मात्र तिथेच राहू दे, आणि ज्या माणसाला तुम्ही दर आठवड्याला तासभर देत होतात त्याला या रविवारीही तुमची वाट असेल, तर जेवायलाच बोलवा.