लॅप डेटाचं टूल एआय एजंटला देताय? या चुका टाळा

नागपुरात हिंगण्याकडच्या कॉलेजांतल्या, स्वतः रेसिंग कार बांधणाऱ्या फॉर्म्युला स्टुडंट टीम घ्या, नाहीतर आयटी पार्कात नोकरी करून रविवारी रेसिंगचा डेटा चाळणारी मंडळी. एआय एजंट, म्हणजे स्वतः टूल वापरून काम उरकणारं मॉडेल. त्याला लॅपचा, म्हणजे ट्रॅकच्या एकेका फेरीचा, डेटा काढून देणाऱ्या टूलवर ही मंडळी रात्री जागवतात, आणि एजंट जे वाचून टूल वापरतो ते वर्णन एका ओळीत उरकतात: ‘लॅप टाइम देते’. ८७.२४९ हे सेकंद आणि ८७२४९ हे मिलिसेकंद, हे माणसाला पाहताक्षणी कळतं. एजंटलाही बहुतेक वेळा कळतं, पण चुकला तर तो अडखळत नाही. तोच आकडा घेऊन पुढचा सगळा हिशेब मांडतो.

नसलेल्या लॅपला शून्य भरणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि सगळ्यात जास्त दिसणारीही. नागपूरच्या एका विद्यार्थी टीमचं काय झालं ते पाहा. एंड्युरन्सचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतीचा सराव, दोन ड्रायव्हर, प्रत्येकी १० लॅप. पहिल्याच्या सगळ्या लॅप ७० सेकंदांच्या, दुसऱ्याच्या ७२ च्या. दुसऱ्याची पहिली लॅप ड्रायव्हर बदलाची होती. तिथे ट्रान्सपॉन्डरची (लॅपची वेळ नोंदवायला गाडीवर बसवलेल्या उपकरणाची) नोंद हुकली आणि टूलने ० भरला. एजंटने ९ गुणिले ७२ ला १० ने भागलं, ६४.८ आले, आणि सांगून टाकलं की दुसरा ड्रायव्हर लॅपमागे ५.२ सेकंदांनी वेगवान आहे. प्रत्यक्षात तो २ सेकंदांनी मागे होता. टीमने त्या भरवशावर ड्रायव्हरांचा क्रम उलटवला. कोणीतरी कच्ची फाइल उघडली तेव्हा कुठे घोळ सापडला. भागाकार बरोबरच होता. शून्याचा अर्थ कुठेच लिहिलेला नव्हता.

मोजमाप नसेल तिथे नल (null, म्हणजे ‘किंमतच नाही’) द्या आणि फील्डच्या, म्हणजे डेटातल्या त्या रकान्याच्या, वर्णनात हे लिहा: ‘लॅपटाइम_एमएस: पूर्ण लॅपचा वेळ, मिलिसेकंदांत, पूर्णांक. नोंद नसेल तर नल. नल लॅप सरासरीत धरू नका.’ युनिट फील्डच्या नावातच असू द्या, कारण वर्णन कधीकधी कापलं जातं, नाव राहतं.

पिटमध्ये (टायर किंवा ड्रायव्हर बदलायला गाडी थांबते तिथे) शिरतानाची आणि पिटमधून निघतानाची लॅप वेगळ्या खुणेने दाखवा. तो वेळ खरा असतो, पण गाडीचा वेग त्यावरून काढता येत नाही. अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला लावणाऱ्या सेफ्टी कारमागच्या लॅपचंही तेच. फॉर्म्युला वनचा डेटा देणारी फास्टएफवन ही पायथन लायब्ररी वापरत असाल तर ट्रॅक स्टेटसचे कोड जसेच्या तसे पुढे ढकलू नका. तिथे २ म्हणजे पिवळा झेंडा, ४ म्हणजे सेफ्टी कार, आणि एका लॅपमध्ये दोन्ही झाले तर ‘२४’ असं जोडून येतं. एजंट ते चोवीस वाचतो. शब्दांत उलगडून द्या.

सर्किट सांगितलं, लेआउट नाही

झिरो माइलपासून म्हटलं की नागपूरकराला कुठून मोजायचं ते सांगावं लागत नाही. एजंटला सांगावंच लागतं. बहरीनला २०२० मध्ये आठवड्याच्या अंतराने फॉर्म्युला वनच्या दोन शर्यती झाल्या. पहिलीत हॅमिल्टनची पोल (पात्रता फेरीतली सर्वांत वेगवान लॅप) १:२७.२६४, दुसरीत बोटासची ५३.३७७. दोन्ही गाड्या मर्सिडीजच्या. पहिला ट्रॅक ५.४१२ किलोमीटरचा, दुसरा बाहेरचा लेआउट, ३.५४३ चा. टूलमध्ये नुसतं ‘बहरीन’ असेल तर एजंट मर्सिडीज आठवड्यात ३४ सेकंदांनी सुधारली असं खुशाल लिहील. लेआउट आणि लांबी प्रत्येक उत्तरात परत पाठवा.

सत्रसुद्धा, म्हणजे पात्रता फेरी की शर्यत. दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर २०११ मध्ये व्हेटेलने शर्यतीतली सर्वांत वेगवान लॅप १:२७.२४९ ची मारली, पण त्याची पोल होती १:२४.१७८. ‘सर्वांत वेगवान’ म्हणजे यातली कोणती, हे टूलनेच विचारून घेतलं पाहिजे. सत्र हे पॅरामीटर, म्हणजे टूलला द्यायची माहिती, ऐच्छिक ठेवू नका.

बाकीच्या चुका

गाडीचा नंबर ही ड्रायव्हरची ओळख नव्हे. व्हर्स्टापेन २०२१ पर्यंत ३३ होता, २०२२ ते २०२५ मध्ये १. वर्ष आणि नंबर जोडीनेच मागा.

बरोबरी झाली तर क्रम कसा लावता ते लिहा. हेरेझला १९९७ मध्ये तिघांची पात्रता फेरीतली वेळ १:२१.०७२ होती, आणि ती आधी नोंदवली म्हणून पोल व्हिलनव्हला मिळाली.

सगळ्या लॅप एकदम देऊ नका. २४ गाड्या, ६० लॅप, म्हणजे १४४० ओळी. मर्यादा ठेवा, आणि यादी कापली असेल तर तसं उत्तरातच सांगा.

‘एरर ४००’ हा निरोप नव्हे. ‘लॅप ६१ नाही, शर्यत ६० लॅपची होती’ हा निरोप.

आणि मॉडेललाच कोड देऊन पाच मिनिटांत वर्णन लिहून घेण्याची घाई करू नका. नव्या पोरांना हा रस्ता फार आवडतो. कोडमध्ये ० दिसतो. तो ट्रान्सपॉन्डर हुकल्याने आला, हे पिटमध्ये उभ्या असलेल्यालाच माहीत असतं. ते त्यानेच लिहायला हवं.

लिहून झालं की टपरीवर चहा पिताना रेसिंगचा गंध नसलेल्या मित्राला वाचून दाखवा. तो जिथे ‘म्हणजे काय, भाऊ?’ विचारेल, तिथे एक वाक्य कमी आहे.