धबधब्याच्या वाटेवर या चुका टाळा

धबधब्याचा आवाज कानावर पडला की पावलं आपोआप झपझप पडू लागतात. गफलत इथूनच सुरू होते. दरीत आवाज कड्यांवर आपटून फिरतो, त्यामुळे 'हा काय इथंच' वाटणारा धबधबा अजून तासभर लांब असू शकतो. आवाजाचा माग काढत झाडीत घुसलं की वाट सुटते आणि माणूस भलत्याच कड्याच्या टोकाशी निघतो. मळलेली वाट सोडू नका, मग ती उलट दिशेला वळसा घेत असली तरी.

वेळेचा हिशोब फक्त जाण्याचा करणं

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला ठोकताळा आजही कामी येतो: साधारण ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे ६ किलोमीटरची वाट आणि ४५० मीटर चढ असेल तर दोन तास. पण यात चिखल, विश्रांती, फोटो काहीच धरलेलं नाही. दीडपट करा, तीन तास झाले. परतीलाही तेवढेच धरा, कारण ओला उतार चढापेक्षा वेगाने होत नाही. दाट झाडीच्या दरीत सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी अंधारतं. सूर्य साडेसहाला मावळणार असेल तर अडीचला पाठ फिरवायची, धबधबा दिसला नसला तरीही. हेडटॉर्च मात्र सॅकच्या वरच्या कप्प्यात हवा. मोबाइलचा टॉर्च धरला की आधारासाठी एकच हात उरतो.

ओढा जिथं वाट भेटते तिथंच ओलांडणं

अरुंद जागी ओढा सोपा दिसतो, पण तिथंच तो खोल आणि ओढीचा असतो. पात्र रुंद आणि पाणी उथळ असेल अशी जागा शोधा. खाली लगेच कडा, धबधबा किंवा अडकलेली झाडं असतील तर तिथून उतरूच नका. वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर येत असेल तर परत फिरा.

उतरण्याआधी सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर ती झटकून टाकता येईल. बूट काढू नका. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे रोवलेली, आणि एका वेळी एकच पाय उचलत आडवं सरका. पाय सुटून वाहू लागलात तर धडपडत उभं राहू नका: दगडांच्या फटीत पाऊल अडकलं की पाणी माणसाला पुढे लोटून तोंड बुडवतं. पाठीवर पडा, पाय प्रवाह जातो त्या दिशेला ठेवा आणि तिरके काठाकडे सरका.

आणखी एक सवय लावून घ्या. धबधब्यापाशी बसण्याआधी पाण्याच्या कडेला एक ठळक दगड हेरून ठेवा. तो बुडू लागला, पाणी गढूळलं, पालापाचोळा नि काटक्या वाहत आल्या किंवा आवाजाचा नूर बदलला, तर सामान आवरत बसू नका, उंच जागी चढा. डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस कोसळत असू शकतो.

डोह शांत दिसतो म्हणून उडी मारणं

धारेखालचं पांढरं फेसाळ पाणी हवेनं भरलेलं असतं. त्यात शरीर नेहमीइतकं तरंगत नाही. कोसळणारं पाणी माणसाला पुन्हा धारेकडे ओढतं आणि वरून दगडही येतात. थंडगार पाण्यात अचानक उडी घेतली तर श्वास आपोआप आत ओढला जातो, तेवढ्यात नाकातोंडात पाणी जातं. मागच्या वेळी खोल असलेल्या जागी या वेळी पुरानं आणलेला दगड बसलेला असू शकतो.

कातळ न पाहता पाऊल टाकणं

काळा चकचकीत किंवा हिरवट कातळ म्हणजे शेवाळ. पांढुरका, खरखरीत दगड निवडा आणि पूर्ण भार देण्याआधी पुढच्या पावलाने चाचपून पाहा. तिरकी ओली मुळं तर दगडापेक्षाही वाईट. त्यांवर पाय न देता ओलांडून जा. धबधब्याच्या माथ्यावरचा कातळ पाण्यानं गुळगुळीत घासलेला असतो, तिथं डोकावण्यात काहीच शहाणपण नाही. उतरण्याआधी लेस घोट्याशी आवळा, नाहीतर बोटं पुढं आपटून नखं काळी पडतात.

वाट चुकल्यावर ओढ्याने खाली उतरणं

'पाणी खाली गावाकडेच जाणार' हे खरं, पण वाटेत ते कड्यावरून उडी मारतं. आपल्याला ते जमत नाही. शेवटची ओळखीची खूण होती तिथवर माघारी जा. सापडत नसेल तर एका जागी थांबा. पाण्याच्या गर्जनेत हाका विरून जातात, शिट्टी जास्त लांब जाते: तीनदा वाजवा, थोडं थांबा, पुन्हा तीनदा. नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून घ्या आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. रेंज शोधण्यातच बॅटरी संपते, जीपीएस मात्र बहुतेक फोनमध्ये चालू राहतं. दाट झाडीत किंवा घळीत तो बिंदू बराच इकडंतिकडं उड्या मारतो, तेव्हा त्यावर विसंबून फाटा निवडू नका.