आकडे साठवताना या चुका टाळा

प्रोग्रॅम लिहिताना पैसे फ्लोटमध्ये, म्हणजे पॉइंटवाल्या आकड्यांच्या प्रकारात, ठेवू नका. दर बॅचला हे सांगतो आणि दर बॅचला कुणीतरी ठेवतंच. "सर, एवढ्याशा फरकानं काय होतंय?" काय होतं ते ऐका.

करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेसाठी मी बिलाचा प्रोग्रॅम लिहिला होता. म्हशीच्या दुधाचा दरतक्ता ६.० फॅटपासून सुरू. एकेक ओळ भरायचा कंटाळा केला आणि लूप लावला: दर फेरीला फॅटमध्ये ०.१ मिळवायचा, दर चढवायचा. मशीनवरची फॅट तक्त्यात तंतोतंत जुळली तर तो दर, नाहीतर सगळ्यात खालचा. ६.१ जुळली. ६.२ जुळेना, कारण तक्त्यात ६.१९९९९९९९९९९९९९९ तयार झाली होती. एक तृतीयांश दशांशात लिहायला घेतला की ०.३३३ संपत नाही, तसाच ०.१ बायनरीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या ०-१ च्या पद्धतीत, संपत नाही. कुठंतरी तोडावाच लागतो आणि बेरजेगणिक चूक साचत जाते. एरर कुठंच आली नाही. दहा दिवसांचं बिल हातात पडल्यावर एक मावशी म्हणाल्या, "फॅट वाढली आन् पैसं कमी कसं?" सगळ्यांचा फरक काढून पुढच्या बिलात चुकता केला. त्या प्रश्नाची लाज मात्र अजून वाटते.

तेव्हापासून माझ्याकडं फॅट ६२ म्हणून साठते आणि रुपये पैशांत. दोन्ही पूर्णांक. पॉइंट फक्त छापताना. "राउंड मारला की झालं" म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही. राउंडनं चूक झाकली जाते, जात नाही.

मोबाइल नंबर इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकाच्या प्रकारात, घालणारेही खूप. ३२ बिटांचा इंट २,१४,७४,८३,६४७ वर संपतो, आपला दहा आकडी नंबर त्यात मावतच नाही. मग पोरं घाईनं लाँग, म्हणजे मोठा इंट, करतात. अरे, नंबरांची बेरीज करणार आहेस का? स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, म्हणून ठेव.

जावात ७/२ म्हणजे ३, पायथॉनमध्ये ३.५. भाषा बदलली की आधी हे तपासा.

जावास्क्रिप्टच्या साध्या नंबरात ९००७१९९२५४७४०९९३ लिहिलं की शेवटच्या ३ चा २ होतो. लांबलचक आयडी म्हणूनच स्ट्रिंगमध्ये.

मोठा प्रकार लहानात कोंबताना मर्यादा तपासा. १९९६ साली एरियन ५ रॉकेटमध्ये ६४ बिटांचा फ्लोट १६ बिटांच्या पूर्णांकात मावला नाही आणि रॉकेट मिनिटभरात फुटलं.

जावात बिगडेसिमलला, म्हणजे दशांश आकडे अचूक ठेवणाऱ्या प्रकाराला, ०.१ देताना अवतरणात द्या. नुसता दिलात तर फ्लोटची चूक आत शिरलेलीच असते.