कार्बोरेटरमधून पेट्रोल गळत असल्यास काय तपासावे

मोटारसायकलच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकू लागले की अनेक जण दुरुस्तीचा संच आणून आतले सगळे भाग बदलून टाकतात आणि तरीही गळती थांबत नाही, कारण पेट्रोल नेमके कोठून येते हे कोणी पाहिलेलेच नसते. म्हणून इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, मोकळ्या हवेत आणि आसपास ज्योत किंवा ठिणगी नसताना, कार्बोरेटर बाहेरून कोरडा पुसावा, पेट्रोल कॉक (टाकीतून येणारे पेट्रोल चालू-बंद करणारी चावी) उघडावा आणि काही मिनिटे नुसते निरीक्षण करावे.

पेट्रोल साठवणाऱ्या खालच्या वाटीच्या जोडावर ओल दिसली तर पॅकिंग किंवा ओ-रिंग खराब आहे, तळाच्या स्क्रूपाशी दिसली तर तो सैल आहे किंवा त्याचे सील गेले आहे, आणि नळीच्या तोंडाशी दिसली तर क्लिप किंवा नळी बदलावी. यांत फारसे काही शोधण्यासारखे नाही. वाटीतील जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल येत असेल, तर मात्र वाटीतील पातळी वाढत असून नीडल (वाटीत तरंगणारा फ्लोट वर आला की पेट्रोलची वाट बंद करणारी सुई) पेट्रोल अडवत नाही, असे बहुतेक वेळा समजावे.

अशा वेळी आधी तळाचा स्क्रू सैल करून वाटीतील पेट्रोल काचेच्या बरणीत काढावे. बरणीच्या तळाशी गंजाचे तांबूस कण किंवा पाण्याचे गोल थेंब दिसले तर घाण टाकीतून येत आहे, हे निश्चित झाले. नीडलखाली अडकलेला कण या धुण्यानेच निघून जाऊ शकतो. परंतु टाकी आणि फिल्टर स्वच्छ न केल्यास तोच त्रास पुन्हा होईल.

गळती कायम राहिली तर कॉक बंद करून वाटी उघडावी. फ्लोटची पिन हलकेच सरकवावी, ठोकू नये. तिला धरणारे दोन खांब बारीक असतात आणि ते मोडले तर कार्बोरेटरच बदलण्याची वेळ येते. नीडलच्या रबरी टोकावर नख फिरवून पाहावे. गोल खाच नखाला लागली की नीडल बदलावी. तिची बैठक, म्हणजे ती जिथे टेकून वाट बंद करते ती जागा, कापसाच्या बोळ्याने पुसावी, सँडपेपर लावू नये. फ्लोट कानाजवळ धरून हलवावा: आत पेट्रोल खळखळले तर तो फुटका आहे. शंका असल्यास गरम पाण्यात बुडवावा. छिद्रातून बुडबुडे येतात.

फ्लोटची उंची वाहनाच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणेच ठेवावी. मोजताना कार्बोरेटर असा कलता धरावा की फ्लोटची जीभ (नीडलला ढकलणारी छोटी पट्टी) नीडलच्या स्प्रिंगवाल्या पिनला केवळ टेकेल, ती दाबली जाणार नाही, अन्यथा माप चुकते. जीभ धातूची असेल तर अगदी किंचित वाकवावी; तेवढ्याने पातळीत बराच फरक पडतो.

हे सगळे ठीक असूनही ओव्हरफ्लो नळी गळत असेल, तर काही कार्बोरेटरांच्या वाटीत जी उभी पितळी नळी असते, तिला तडा गेला आहे का ते पाहावे. ही जागा हमखास नजरेतून सुटते. सुटी वाटी कोरड्या कागदावर सरळ ठेवून नळीच्या तोंडाच्या थोडे खालपर्यंत पेट्रोल भरावे. खालच्या बाजूने थेंब पडला तर दोष त्या नळीतच आहे आणि नवी नीडल घालून उपयोग नाही.

गाडी उभी असताना कॉक बंद करूनही गळती तासन्‌तास चालू राहिली, तर कॉकही निकामी आहे. अशी गाडी सुरू करण्यापूर्वी इंजिन ऑइल तपासणे अत्यावश्यक आहे, कारण पेट्रोल सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरलेले असू शकते. पातळी वाढलेली असेल किंवा ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर ते बदलावे. किक अडकत असेल तर जोर लावू नये. स्पार्क प्लग काढून, त्याची वायर दूर ठेवून आणि इग्निशन बंद ठेवून इंजिन हळूहळू फिरवावे, म्हणजे साचलेले पेट्रोल बाहेर पडेल.