एका मदरबोर्डवर दोन जातीच्या रॅम: कॉम्प्युटर अडायला लागला की काय करायचं

कोल्हापुरात उद्यमनगरातले ड्रॉइंगवाले असोत की राजारामपुरीतले अल्बम डिझाईन करणारे, फोन एकाच धाटणीचा येतो. "दादा, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम होत्या, अजून दोन टाकल्या. बत्तीस दाखवतंय, पण मशीन मधेच अडतंय. दुकानदार तर म्हणतोय रॅम ओके हाय."

दुकानदार बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. जुनी जोडी चांगली, नवी जोडीही चांगली, पण चारही एकत्र बसवल्या की जमत नाही, असं सर्रास होतं. म्हणून लगेच दुकानात जाऊन भांडू नका. आधी कोण कुणाबरोबर चालतंय ते बघा.

त्याच्याही आधी डेटा वाचवा. रॅममध्ये एखादा बिट उलटला आणि नेमकी तेव्हाच फाईल सेव्ह केली, तर बिघडलेली फाईलच डिस्कवर जाते. त्यामुळे नव्या स्टिक, म्हणजे रॅमचे नवे तुकडे, काढा, फक्त जुन्या जोडीवर मशीन चालू करा आणि मग बॅकअप घ्या. चारही स्टिक आत असताना कॉपी मारली तर त्या कॉपीचाही भरवसा नाही. आणि कुणी कितीही सांगितलं तरी या अवस्थेत विंडोज नव्यानं टाकू नका, ते अर्धवट बसतं आणि दोष भलत्याच गोष्टीवर जातो.

दुखणं रॅमचंच आहे हे कशावरून ओळखायचं? निळ्या स्क्रीनवर दरवेळी वेगळाच मजकूर येतो, मोठी झिप उघडताना सीआरसी एरर, म्हणजे डेटा जुळत नसल्याची सूचना, येते, एखादं सॉफ्टवेअर बसता बसता मधेच थांबतं. रोज एकाच ठिकाणी, एकाच मजकुरानं अडत असेल तर मी आधी ड्रायव्हर बघतो.

आता स्टिकर वाचा. मागे एका ड्रॉइंग ऑफिसच्या मशीनमध्ये चारही स्टिकवर ३२०० स्पीड छापलेला होता. मालकांचं म्हणणं, "आकडा एकच हाय की, मग फरक कशाचा?" फरक खालच्या ओळीत होता. जुन्या जोडीवर टायमिंग १६-१८-१८-३८ आणि १.३५ व्होल्ट, नवीवर २२-२२-२२ आणि १.२ व्होल्ट. पहिला आकडा, म्हणजे सीएल (मागितलेला डेटा द्यायला स्टिक किती क्लॉक घेते), २००० नं गुणायचा आणि स्पीडनं भागायचा, की नॅनोसेकंद मिळतात. १६ ला ३२०० वर १० येतात, २२ ला १३.७५. म्हणजे नवी स्टिक तेवढा जास्त वेळ मागते. जुन्या जोडीचं ३२०० हे एक्सएमपी प्रोफाईलचं, म्हणजे स्टिकमध्येच साठवलेल्या जलद सेटिंगचं, कारखान्यातून ओव्हरक्लॉक करून (मानकापेक्षा जास्त पळवून) दिलेलं. नवीचं ३२०० साध्या जेडेक मानकाचं (रॅमची मानकं ठरवणारी संस्था), तिच्यात एक्सएमपी नाहीच. बायोसमध्ये (बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी चालू केलं की बरेच बोर्ड एका स्टिकचं प्रोफाईल उचलतात आणि चौघींना तेच लावतात. २२ वाल्या स्टिकला १६ वर पळायला सांगितलं, तर ती अडणारच.

स्टिकर वाचता येत नसेल, वर हीटसिंक असेल, तर सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये एसपीडी टॅब उघडा. स्लॉट बदलत गेलं की प्रत्येक स्टिकचा पार्ट नंबर, रँक (चिपचे गट किती) आणि टायमिंग दिसतं. तिथल्या मेमरी टॅबवर ३२०० च्या जागी १६०० दिसलं तर घाबरू नका, डीडीआर रॅम एका क्लॉकमध्ये दोनदा डेटा देते, त्यामुळे तिचा खरा क्लॉक अर्धाच असतो.

यानंतर एकेक स्टिक तपासायची. मशीन बंद, मागचा स्विच बंद, वायर काढलेली, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज घालवलेली. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, मग स्टिक धरा, तीही कडेला. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की नुसती स्टिक काढून परत बसवल्यानंही काही मशीन सुरू होतात. सोनेरी पट्ट्या खोडरबरानं खसाखसा घासायची सवय मात्र सोडा. मुलामा पातळ असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं सुती कापड पुरतं.

बायोस डिफॉल्टवर आणा, म्हणजे एक्सएमपी बंद होईल. प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या स्लॉटमध्ये एकच स्टिक बसवा. बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डवर त्याला ए२ म्हणतात, तरी मॅन्युअलमध्ये खात्री करा. पेनड्राईव्हवरून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर चालवा. मोफत आवृत्ती तपासणीच्या चार फेऱ्या करते, त्याला तास जातात, म्हणून रात्री लावून ठेवा. इथं एक एररही चालत नाही, "एकच तर आली" असं म्हणायला जागा नाही. विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नॉस्टिक पहिल्या अंदाजाला ठीक, पण त्यानं पास केलं म्हणून मी स्टिकला सर्टिफिकेट देत नाही. एखादी स्टिक एकटीच नापास झाली, तर तीच वेगळ्या स्लॉटमध्ये तपासा. तिथं पास झाली तर संशय स्लॉटवर किंवा प्रोसेसरच्या पिनांवर.

सगळ्या एकेकट्या पास झाल्या की चारही बसवा. दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये एक जोडी, पहिल्या आणि तिसऱ्यात दुसरी. एका जोडीच्या दोन्ही स्टिक शेजारी-शेजारी नकोत, दोन चॅनेलमध्ये (प्रोसेसरकडं जाणाऱ्या दोन वाटांवर) एकेक हवी. आता डिफॉल्टवरच परत टेस्ट. इथं पास झालं तर स्टिक निर्दोष, भांडण एक्सएमपीचं होतं.

मग हातानं सेटिंग करा. टायमिंग हळू जोडीचं, कमांड रेट २टी (हुकूम देताना एक क्लॉक जास्त थांबणं) आणि स्पीड २६६६. ते टिकलं तर २९३३ बघा. व्होल्टेज वाढवून चौघींना ओढत न्यायचा नाद मी करत नाही. ऑटोकॅडचं ड्रॉइंग किंवा अल्बमचं पान उघडायला २६६६ आणि ३२०० मधला फरक डोळ्याला दिसत नाही, रॅम कमी पडून डिस्कवर जावं लागलं तर मात्र लगेच दिसतो. गेम खेळणारी पोरं इथं माझ्याशी वाद घालतात, घालू देत.

प्रोसेसरचीही मर्यादा असते. एएमडीच्या रायझन ३००० आणि ५००० मालिकेत दोन स्टिकना अधिकृत स्पीड ३२००, पण ड्युअल रँकच्या चार बसवल्या की २६६७. स्टिकरवर २आरx८ लिहिलं असेल तर ती ड्युअल रँक. डीडीआर५ मध्ये, म्हणजे पुढच्या पिढीच्या रॅममध्ये, हा फटका आणखी मोठा: रायझन ७००० ला दोन स्टिकवर ५२००, चारवर ३६००. शिवाय डीडीआर५ चं मशीन रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते. बोर्ड ट्रेनिंग करत, म्हणजे नव्या रॅमशी जुळवून घेत असतो. तेवढ्यात मेलं म्हणून स्विच बंद करू नका.

स्क्रीन येतच नसेल आणि बोर्डवरचा डीरॅम दिवा पेटून राहिला असेल, तर वायर काढून गोल सेल, सीआर२०३२, थोडा वेळ बाहेर ठेवा, म्हणजे बायोस डिफॉल्टवर येईल, आणि ए२ मध्ये एकच स्टिक घालून सुरू करा. सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम स्वस्तात मिळाली म्हणून आणली असेल तर ती साध्या डेस्कटॉपवर चालणारच नाही, तिच्यामागं वेळ घालवू नका.

आणि अजून रॅम घेतलीच नसेल तर? जुनी आठ-आठची जोडी विका आणि सोळा-सोळाचं एकाच पाकिटातलं किट घ्या. तोच ब्रँड, तोच मॉडेल नंबर बघून जोड लावली तरी आतल्या चिप बदललेल्या असू शकतात. पाकीट आणि बिल जपून ठेवा, किटची वॉरंटी मागताना बऱ्याच कंपन्या दोन्ही स्टिक एकदम मागतात.

सगळं जमलं की कुठल्या स्लॉटला कुठली स्टिक, स्पीड किती, टायमिंग किती, हे कागदावर लिहून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवा. बायोस अपडेट केला किंवा सेल संपला की हे आकडे उडतात, आणि मग पुढचा माणूस येऊन आधी एक्सएमपीच चालू करतो.