एएमएक्सची मागची हब: घाई नडते ती इथे

अमेरिकन मोटर्सने १९६८ ते १९७० या काळात १९,१३४ दोन-आसनी एएमएक्स बनवल्या. १९६८-६९ची गाडी घेताना व्हीआयएनमधलं, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकातलं, सातवं अक्षर बघा: एक्स म्हणजे ३९० घनइंची व्ही-८ इंजिन. डॅशबोर्डवरच्या पट्टीवरचा क्रमांक व्हीआयएनशी जुळत नाही. तो जुळवत बसू नका.

पत्र्याच्या गंजाकडे सगळेच बघतात, मागच्या अ‍ॅक्सलकडे फारसं कोणी नाही. इथे शाफ्टचं टोक निमुळतं असतं आणि हब, म्हणजे चाक ज्यावर बोल्टांनी बसतं तो भाग, त्यावर दाबून बसवलेली वेगळी असते. नट सैल राहिला की हब शाफ्टवर फिरते, दोघांना जखडणारी धातूची चावी तुटते, चाकाला ताकद पोहोचत नाही.

हब काढायला तिच्या बोल्टांवर बसणारा स्क्रू-पुलर वापरा. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारलात तर बेअरिंग गेलंच. जुनी हब तिच्याच शाफ्टवर परत बसवा, कारण शाफ्टच्या दात्यांचे ठसे तिच्यात उमटलेले असतात. नव्या हबमध्ये ते नसतात. नटाखाली वंगण लावलेले दोन वॉशर घालून ती मॅन्युअलमधल्या अंतरापर्यंत ओढून घ्यावी लागते. शेवटी नट २५० फूट-पाउंडला आवळा. नट सुटू न देणाऱ्या कॉटर पिनचं भोक जुळलं नाही तर आणखी आवळा, सैल करू नका.